लिव्हरपूल आणि आरबीएस, ऑक्टोबर २०१०: मालकांचा विरोध असताना क्लब विकला कसा गेला?

लाल_मफलर (प्रश्न)

२०१० च्या लिव्हरपूल प्रकरणावर कुठेही वाचा, 'बँकेने अमेरिकन मालकांना हाकललं' या एका वाक्यात विषय गुंडाळलेला असतो. पण रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने (आरबीएस) क्लब कधीच ताब्यात घेतला नव्हता. जप्ती नाही, लिलाव नाही. टॉम हिक्स आणि जॉर्ज जिलेट यांच्याकडे शेवटच्या दिवसापर्यंत मालकी होती आणि दोघांनाही हा सौदा नको होता. तरी १५ ऑक्टोबरला क्लब ३० कोटी पौंडांना (तेव्हाच्या दराने साधारण २१०० कोटी रुपये) जॉन हेन्रींच्या न्यू इंग्लंड स्पोर्ट्स व्हेंचर्सकडे गेला.

मला चार गोष्टी हव्या आहेत. कर्ज नक्की कुणाच्या नावावर होतं, मालकांच्या की क्लबच्या? शंभर टक्के मालकी असताना पाचपैकी तीन संचालक मालकांच्या डोक्यावरून विक्री कशी करू शकले? टेक्सासचं कोर्ट यात कुठून आलं? आणि बँकेने सरळ तारण का नाही वटवलं?

'यू विल नेव्हर वॉक अलोन' छापाची उत्तरं नकोत, त्यासाठी मॅचचे धागे आहेत.

ताळेबंद_तात्या

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, बाकीचं कायदेवाले सांगतील.

फेब्रुवारी २००७ मध्ये डेव्हिड मूर्स आणि इतर भागधारकांचे शेअर ५००० पौंडाला एक या भावाने घेतले गेले. शेअरची किंमत १७.४१ कोटी पौंड, शिवाय क्लबवर आधीपासून असलेलं ४.४८ कोटींचं कर्ज अंगावर घेतलं, असे मिळून २१.८९ कोटी. यातला खरेदीचा पैसा आरबीएसचा. भागधारकांना दिलेल्या प्रस्तावाच्या कागदात लिहिलं होतं की या कर्जाचं व्याज, परतफेड किंवा तारण यासाठी क्लबच्या धंद्यावर फारसं अवलंबून राहणार नाही. मँचेस्टर युनायटेडमध्ये ग्लेझर कुटुंबाने केलं तसं इथे होणार नाही, असं तेव्हा तोंडीही सांगितलं गेलं.

ते वर्षभरही टिकलं नाही. जानेवारी २००८ मध्ये सगळं कर्ज नव्याने मांडलं गेलं: आरबीएस आणि अमेरिकेची वाकोव्हिया मिळून ३५ कोटींची सोय. त्यातले १०.५ कोटी थेट क्लबवर, उरलेले वरच्या होल्डिंग कंपनीवर (जी फक्त खालच्या कंपनीचे शेअर धरून ठेवते). म्हणजे 'कर्ज कुणाच्या नावावर' याला एका शब्दात उत्तर नाही. उतरंड अशी होती: सगळ्यात खाली क्लब चालवणारी कंपनी, तिच्यावर कोप फुटबॉल लिमिटेड, तिच्यावर कोप फुटबॉल (होल्डिंग्ज), तिच्यावर केमन बेटांवरची कंपनी, आणि शेवटी डेलावेअरमधली, जिच्यात दोघांचा अर्धा अर्धा वाटा. खरेदीचं कर्ज होल्डिंग कंपनीत. पण होल्डिंग कंपनीला स्वतःचं उत्पन्न शून्य. तिकिटं, टीव्हीचे पैसे, जर्सी, सगळं खालच्या कंपनीत येतं. त्यामुळे कागदावर नाव कुणाचंही असो, व्याज फेडायला पैसा अ‍ॅनफिल्डच्या, म्हणजे क्लबच्या मैदानाच्या, गल्ल्यातूनच वर जाणार.

जुलै २००९ ला संपलेल्या वर्षाचे आकडे पाहा. क्लबची उलाढाल १८.४८ कोटी, होल्डिंग गटाचं व्याज ४.०१ कोटी. शंभर पौंड आले की बावीस व्याजाला. गटाचा तोटा ५.४९ कोटी, एकूण देणं ३५ कोटींच्या थोडं वर. हे 'एकूण देणं' वाचताना गफलत होते, कारण त्यात मालकांनीच केमन कंपनीमार्फत गटाला उसने दिलेले पैसेही आहेत. ही रक्कम पुढे १४.४ कोटींपर्यंत गेली. बँकांचं देणं वेगळं आणि हे वेगळं. विक्रीत मालक बुडाले ते या दुसऱ्या रकमेत, आणि कोर्टात जिवावर उदार होऊन लढण्याचं कारणही तेच.

त्या ताळेबंदावर लेखापरीक्षक केपीएमजीने शेरा मारला होता की गट यापुढे चालू राहील की नाही याबद्दल मोठी अनिश्चितता आहे. लोकांना वाटलं क्लब बुडतोय. शेऱ्याचं कारण साधं होतं. कर्जाची मुदत बारा महिन्यांच्या आत संपत होती आणि नवीन सोय सहीशिक्क्यासह हातात नव्हती. अशा वेळी पूर्ण रक्कम 'एका वर्षात देय' मध्ये येते आणि लेखापरीक्षकाला तो शेरा टाळता येत नाही. क्लब रोजच्या खर्चाला महाग झाला होता असं नाही.

कलमबहाद्दर

तात्यांनी जिथे सोडलं तिथूनच सगळं सुरू होतं: मुदत संपत आली होती आणि आरबीएसला ती वाढवून द्यायची इच्छा नव्हती.

एप्रिल २०१० मध्ये बँकेने सहा महिने दिले, पण फुकट दिले नाहीत. मालकांनी क्लब विकायला काढायचा, बार्कलेज कॅपिटलने गिऱ्हाईक शोधायचं, आणि बाहेरचा अध्यक्ष नेमायचा. ब्रिटिश एअरवेजचे अध्यक्ष मार्टिन ब्रॉटन आले ते असे. संचालक मंडळ पाच जणांचं झालं: हिक्स, जिलेट, ब्रॉटन, व्यवस्थापकीय संचालक क्रिश्चन पर्स्लो आणि व्यावसायिक बाजू पाहणारे इयन एअर.

आता मुद्द्याचा कागद. कर्जाच्या करारासोबत मालकांनी बँकेला एक वेगळं पत्र सही करून दिलं. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. संचालक नेमायचा किंवा काढायचा अधिकार फक्त ब्रॉटन यांना. आणि वाजवी विक्रीत मालकांनी अडथळा आणायचा नाही. कंपनीची नियमावलीही त्याला जुळेल अशी बदलली. शंभर टक्के शेअर असलेला मालक एरवी कंपनीच्या ठरावाने संचालक मंडळ उद्या बदलू शकतो. हिक्स-जिलेट यांनी नेमका हाच अधिकार सहा महिन्यांच्या मुदतीच्या बदल्यात गहाण टाकला. मैदान किंवा शेअर तारण ठेवण्यापेक्षा बँकेसाठी हे तारण जास्त दमदार ठरलं.

५ ऑक्टोबरला ब्रॉटन यांनी विक्रीवर निर्णयासाठी बैठक बोलावली. हिक्स यांनी त्याच दिवशी पर्स्लो आणि एअर यांना काढून स्वतःचा मुलगा मॅक आणि हिक्स होल्डिंग्जच्या एक अधिकारी यांना बसवल्याचं जाहीर केलं. तसं झालं असतं तर विक्रीच्या विरोधात चार आणि बाजूने एक. ब्रॉटन, पर्स्लो, एअर यांनी हा बदल मानला नाही, सल्ला घेऊन तिघांनी विक्री मंजूर केली आणि ६ तारखेला जाहीर केली.

मग बँक कोर्टात गेली. इथे लोक घोळ करतात: बँकेचा दावा 'आमचे पैसे द्या' असा नव्हताच. पैशांची तारीख १५ ऑक्टोबर होती, ती यायची होती. दावा होता करारभंगाचा, 'संचालक बदलणार नाही असं लिहून दिलंत आणि बदललेत' एवढाच. म्हणून तो झटपट चालला. साक्षीपुरावे नाहीत, किमतीची चर्चा नाही, कागद वाचा आणि सांगा. १२ ऑक्टोबरला लंडनच्या हायकोर्टात न्या. फ्लॉइड यांच्यापुढे सुनावणी, १३ ला निकाल. मालकांनी आपले दोन संचालक काढून त्याच संध्याकाळी आठपर्यंत मंडळ पूर्ववत करावं, असा हुकूम. अपिलाची परवानगी नाकारली.

हा 'अमुक करू नका' छापाचा नव्हे, 'अमुक करा' छापाचा हुकूम होता. खटल्याच्या सुरुवातीलाच असा हुकूम मिळणं अवघड असतं, अर्जदाराची बाजू जवळजवळ निर्विवाद लागते. इथे ती होती.

लाल_मफलर

हे पत्राचं प्रकरण मला अजिबात माहीत नव्हतं. पण मग तिघा संचालकांवर मालकांप्रती काही जबाबदारी नव्हती का? मालकाचे १४ कोटी बुडवणारा सौदा ते कसा मंजूर करतात?

कलमबहाद्दर

संचालकाचं कर्तव्य कंपनीशी असतं, भागधारक खिशातून किती हरतोय याच्याशी थेट नाही. ब्रिटनच्या २००६ च्या कंपनी कायद्याचं १७२ वं कलम पाहा. भागधारकांचं एकत्रित हित त्यात येतं हे खरं. पण कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असेल तर धनकोंचं हित पुढे सरकतं. १५ तारखेला २० कोटींहून जास्त देणं, खात्यात तेवढे पैसे नाहीत, दुसरी बँक उभी नाही. अशा वेळी 'भाव कमी आहे, थांबू' म्हणणाऱ्या संचालकावरच उद्या दावा लागतो.

टेक्सासचं आता. १३ तारखेला रात्री आठला मंडळाची बैठक स्लॉटर अँड मे या वकिलांच्या लंडनच्या कार्यालयात सुरू झाली आणि तेवढ्यात मालकांनी टेक्सासमधल्या डॅलसच्या जिल्हा न्यायालयाकडून मिळवलेला तात्पुरता मनाई हुकूम आला: विक्री थांबवा, पुढची सुनावणी २५ ऑक्टोबरला. तारीख बघा. कर्जाची मुदत १५, सुनावणी २५. खटला जिंकायची गरजच नव्हती, दहा दिवस मिळाले तरी सौदा मोडला असता. सोबत १६० कोटी डॉलरच्या भरपाईची मागणी.

इंग्लंडचं कोर्ट टेक्सासच्या न्यायाधीशाला काही सांगू शकत नाही. पण स्वतःपुढे हजर असलेल्या पक्षकाराला सांगू शकतं की 'तिकडचा अर्ज मागे घे, नाहीतर कोर्टाच्या अवमानाला तोंड दे'. १४ ला फ्लॉइड यांनी तेच केलं आणि १५ च्या दुपारी चारपर्यंत वेळ दिला. बँक, कर्ज, क्लब, करार सगळं इंग्लंडमधलं. आदल्याच दिवशी लंडनमध्ये हरलेल्या मुद्द्यावर मालक डॅलसला गेले होते. १५ ला टेक्सासचा हुकूम त्यांनीच मागे घेतला आणि त्याच दिवशी व्यवहार पूर्ण झाला. भरपाईचं भांडण नंतरही रेंगाळलं, जानेवारी २०१३ मध्ये तडजोडीने मिटलं.

वजा_नऊ

चौथा प्रश्न राहिला: तारण का वटवलं नाही.

इंग्लंडमध्ये कंपनीच्या सगळ्या मालमत्तेवर बोजा असलेली बँक कोर्टात न जाता स्वतःचा प्रशासक (अडचणीतल्या कंपनीचा कारभार हाती घेणारा) नेमू शकते. १९८६ च्या दिवाळखोरी कायद्याच्या परिशिष्ट बी१ मधला १४ वा परिच्छेद. नोटीस द्या, कागद दाखल करा, काम झालं. कारखान्याला हे चालतं. फुटबॉल क्लबला लावलं की तारणाची किंमत बँकेच्याच डोळ्यांदेखत घसरते.

प्रशासक आला की प्रीमियर लीगमध्ये नऊ गुण कापले जातात. पोर्ट्समथचे त्याच वर्षी मार्चमध्ये कापले होते. 'पण कर्ज तर होल्डिंग कंपनीवर' ही पळवाट भरवशाची नव्हती. २००९ मध्ये साउदॅम्प्टनची फक्त पालक कंपनी प्रशासकाकडे गेली होती, तरी फुटबॉल लीगने (प्रीमियर लीगच्या खालचे विभाग चालवणारी संघटना) दहा गुण कापले, कारण पालक आणि क्लब आर्थिकदृष्ट्या एकच मानले गेले. आणि लिव्हरपूलची अवस्था काय होती? ३ ऑक्टोबरला घरच्या मैदानावर ब्लॅकपूलकडून १–२ हार, सात सामन्यांत सहा गुण, अठरावा क्रमांक. नऊ गेले असते तर वजा तीन. खालच्या विभागात घसरण्याचा धोका असलेल्या क्लबला ३० कोटी कोण देणार?

दुसरं, तारण म्हणून हातात काय येतं ते बघा. अ‍ॅनफिल्डचं मैदान: क्लब वगळला तर ती उत्तर लिव्हरपूलमधली जमीन, तीही नियोजन खात्याच्या बंधनांसह. खेळाडू: त्यांची नोंदणी लीगच्या नियमांना बांधलेली, आणि घाईच्या विक्रीत समोरचा क्लब निम्मा भाव सांगतो. लीगमधलं स्थान: तो शेअर लीगच्या मर्जीचा. तो हवा असेल तर नव्या मालकाला इतर क्लबांची आणि खेळाडूंची थकबाकी पूर्ण चुकवावी लागते. बँक कायद्याने पुढच्या रांगेत असली तरी खरेदीदार ते पैसे आपल्या बोलीतूनच वजा करतो. ब्रिटनच्या करखात्याने या नियमाविरुद्ध दावा लावला होता, २०१२ मध्ये हरलं.

शिवाय २००८ च्या पडझडीनंतर आरबीएसची ८० टक्क्यांहून जास्त मालकी तेव्हा सरकारची होती. लिव्हरपूल शहरात मतदार राहतात. एवढंच म्हणतो.

म्हणून बँकेला मालक बदलून हवा होता, मालमत्ता नको होती. एप्रिलचं पत्र त्यासाठीच होतं.

उलटतपासणी

थोडी दुसरी बाजू मांडतो, कारण इथे बँक फारच सोवळी दिसायला लागली.

मूळ देणं २० कोटींच्या आसपास होतं. मुदतवाढीच्या फी आणि दंडशुल्क धरून ऑक्टोबरच्या बातम्यांत आकडा २३.७ कोटींवर गेला. अडचणीतल्या कर्जदाराला थोडी थोडी मुदत द्यायची आणि दर वेळी फी लावायची, हा बँकेचा जुना धंदा. २००७ मध्ये हे कर्ज कोणत्या हिशोबाने दिलं, हेही त्यांना कुणी विचारलं नाही.

भावाबद्दल मालकांचं म्हणणं अगदीच हास्यास्पद नव्हतं. एप्रिल २०१० मध्ये फोर्ब्सने क्लबची किंमत ८२.२ कोटी डॉलर धरली होती, म्हणजे ५० कोटी पौंडांच्या वर. १२ ऑक्टोबरला सिंगापूरच्या पीटर लिम यांनी ३६ कोटींचा देकार जाहीर केला, त्यातले ४ कोटी नव्या खेळाडूंसाठी. तो विचारात घेतला गेला नाही, कारण मंडळाने आधीच दुसऱ्याशी करार केला होता. १४ तारखेला लिम बाजूला झाले.

कलमबहाद्दर

फीबद्दल सहमत. भावाबद्दल नाही. फोर्ब्सचा आकडा म्हणजे देकार नव्हे. एप्रिलपासून दुकान उघडं होतं, बार्कलेज कॅपिटल दारोदार फिरत होतं. हिक्स यांनी स्वतः ब्लॅकस्टोनच्या कर्ज देणाऱ्या शाखेकडे प्रयत्न केला, तिथेही जमलं नाही. जिलेट यांनी मिल फायनान्शियलकडून वेगळं कर्ज घेतलं होतं, ते थकल्यावर त्यांचा अर्धा वाटा ऑगस्टमध्येच अडकला. लिम यांच्या ३६ मधले ४ खेळाडूंचे, म्हणजे क्लबची किंमत म्हणून ३२. आणि झालेला करार मोडला असता तर नव्या खरेदीदाराने वेगळा दावा लावला असता. दोन कोटींसाठी कर्जाच्या मुदतीच्या तीन दिवस आधी हे कोण करेल?

व्याजाचा फरकही बघा. खरेदीच्या कर्जापोटी वर्षाला अडीच ते तीन कोटी पौंड जात होते, विक्रीनंतर ते २० ते ३० लाखांवर येतील असं ब्रॉटन यांनी सांगितलं होतं.

पिंपरीचा_रोव्हर

पुण्याचा धागा जोडतो. याच्या पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर २०१० मध्ये, पुण्याच्या वेंकीजने ब्लॅकबर्न रोव्हर्स २.३ कोटी पौंडांना घेतला. वरचं सगळं तिथे लागू होतं का? आपल्याकडचा सरफेसी कायदा (बँकेला कोर्टाशिवाय तारण ताब्यात घेऊ देणारा) असता तर काय झालं असतं?

ताळेबंद_तात्या

ब्लॅकबर्नचं दुखणं वेगळ्या जातीचं. तिथे पैसा बहुतेक मालकांनी ओतलेला आहे, बँकेने नाही. अलीकडची अडचणही बँकेची नाही: भारतातल्या ईडीच्या चौकशीमुळे पैसे पाठवायला दिल्ली हायकोर्टाची परवानगी आणि तेवढीच बँक गॅरंटी लागत होती. म्हणजे मालकाकडे पैसा आहे, पण नळ दुसऱ्याच्या हातात.

सरफेसीत कलम १३(२) ची नोटीस, साठ दिवस, मग १३(४) खाली ताबा. पण त्याआधी खातं अनुत्पादित ठरावं लागतं, म्हणजे हप्ता नव्वद दिवस थकलेला हवा. लिव्हरपूलमध्ये काही थकायच्या आधीच सगळं उरकलं. बँकेला कायद्याचा आधार लागलाच नाही, कराराचा पुरला.

उलट उदाहरण ग्लासगोच्या रेंजर्सचं. मे २०११ मध्ये क्रेग व्हाइट यांनी क्लब एका पौंडाला घेतला आणि लॉइड्स बँकेचं १.८ कोटींचं कर्ज फेडलं. कशाने? पुढच्या हंगामांची सीझन तिकिटं टिकिटस या कंपनीला आधीच विकून. बँक खूश, पण येणाऱ्या वर्षांचा गल्ला गेला. फेब्रुवारी २०१२ मध्ये प्रशासक. त्यामुळे 'बँकेचं कर्ज फिटलं' ही बातमी आली की कोणाच्या पैशाने फिटलं ते आधी बघा.

लाल_मफलर

हे आपल्याला घरबसल्या बघता येतं का? दुसऱ्या एखाद्या क्लबचं बघायचं असेल तर?

ताळेबंद_तात्या

येतं, आणि फुकट. ब्रिटनच्या कंपनीज हाउसच्या साइटवर क्लबचं प्रचलित नाव टाकू नका, कायदेशीर नाव टाका. लिव्हरपूलच्या बाबतीत 'द लिव्हरपूल फुटबॉल क्लब अँड अ‍ॅथलेटिक ग्राउंड्स'. तिथून 'नियंत्रण असलेली व्यक्ती' या भागात वरच्या कंपनीचं नाव मिळतं, ते उघडा, मग त्याच्या वरचं. जिथे साखळी देशाबाहेर जाते तिथे थांबावं लागतं. पण देशातली सगळ्यात वरची कंपनी शोधल्याशिवाय ताळेबंद वाचू नका, नाहीतर खालच्या कंपनीचा नफा बघून खूश व्हाल आणि व्याज वरच्या मजल्यावर बसलेलं असेल.

मग 'चार्जेस' (बोजांची नोंद) हा भाग. बोजा चढवला की एकवीस दिवसांत नोंदवावा लागतो, न नोंदवला तर प्रशासक आणि इतर धनकोंविरुद्ध तो चालत नाही. म्हणून बँका इथे आळस करत नाहीत आणि बातमी यायच्या आधी नोंद दिसते. २०१३ च्या एप्रिलनंतरचे कागद एमआर०१ या फॉर्मवर, त्याआधीचे एमजी०१ किंवा ३९५. पूर्ण दस्तऐवज उघडा आणि कशावर बोजा आहे ते वाचा: मैदान, टीव्हीचे पैसे, की एखाद्या खेळाडूच्या विक्रीचे यायचे हप्ते. शेवटचा प्रकार मॅक्वारी बँकेच्या नावाने इंग्लिश क्लबांत सर्रास दिसतो, तो संकटाचाच असतो असं नाही.

ताळेबंदात तीन टिपा पुरतात: कंपनी चालू राहण्याबद्दलची, एका वर्षात देय रकमांची, आणि वर्ष संपल्यानंतरच्या घडामोडींची. खाजगी कंपनीला वर्ष संपल्यावर नऊ महिने मिळतात, त्यामुळे हातातला कागद नेहमीच शिळा असतो. ताजं काय ते चार्जेसमध्ये. फेडलेल्या बोजासमोर 'सॅटिस्फाइड' असं येतं आणि त्याचा फॉर्म एमआर०४.

कलमबहाद्दर

एक भर. एप्रिल २०१० सारखं पत्र त्या साइटवर सापडणार नाही, ते खाजगी असतं. पण बदललेली नियमावली दाखल करावीच लागते. 'आर्टिकल्स' बदलल्याचा ठराव दिसला आणि त्यात संचालक नेमण्याचा अधिकार एका माणसाकडे गेला असेल, तर मागे कुठेतरी बँक उभी आहे असं समजून पुढचं वाचा.